ज्योत्स्ना इंगोले आणि तिचे बापू

ज्योत्स्ना इंगोलेबद्दल चांगलं बोलायचं झालं तर मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. वाईट बोलावं म्हटलं तर दोन वाक्यांत विषय संपतो. ती ऑफिसच्या टेबलावर मुठीने कांदा फोडायची, आणि मला सगळ्यांसमोर ‘देवधरभाऊ’ म्हणायची. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला आजवर कोणी भाऊ म्हटलेलं नव्हतं. सोसायटीतला वॉचमनसुद्धा ‘अहो देवधर’ म्हणतो.

आमचं ऑफिस येरवड्याला. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. नमुना घेतला, तपासला, रिपोर्ट पेशंटच्या फोनवर गेला, एवढाच व्यवहार. त्यातला बराचसा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला, वीसेक वर्षं या धंद्यात घालवल्यावरच्या सफाईने. ज्योत्स्ना होती टेस्टिंगला, म्हणजे आम्ही लिहिलेल्यातल्या चुका काढायला. मूळची यवतमाळची. नवरा तिकडे शाळेत मास्तर, मुलगी त्याच्याजवळ, आणि ही इथे येरवड्यात एका खोलीत राहायची. दर पंधरा दिवसांनी रात्रभर बसने घरी जायची, सोमवारी सकाळी थेट ऑफिसात उगवायची आणि चपला काढून फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसायची.

चूक सापडली की ती मेल वगैरे करायची नाही. टेबलापाशी येऊन उभी राहायची.

“काय करून राहिले देवधरभाऊ?”

“काम. आपल्याकडे त्याची पद्धत आहे.”

“मग हे पाहा ना. तुमच्या प्रोग्रॅमनी एका आजोबाले दिवस गेल्याचं सांगितलं.”

सगळं ऑफिस हसायचं. ती मात्र हसायची नाही, हे विशेष. तिला त्यात विनोद दिसत नसे. कुण्या आजोबांचा रिपोर्ट चुकला, एवढंच दिसे. चूक दुरुस्त झाली की जोरात एक टाळी वाजवायची आणि निघून जायची. ती टाळी मला कौतुकासारखी कधीच वाटली नाही. वर्गातल्या ढ मुलाला गणित सुटलं की बाई वाजवतात तशी वाटायची.

तोवर ठीक होतं. चुका काढणारा आणि चुका करणारा यांच्यात चुका करणाराच मोठा, अशी आमच्या धंद्यातली समजूत आहे. मी लिहायचो, ती तपासायची. हेवा वाटावा असं तिच्याकडे काही नव्हतं.

मग समीरने ते ॲप आणलं.

समीर आमचा मालक, वयाने माझ्याहून बराच लहान. एके दिवशी त्याने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ते बसवलं. कोड लिहिणारे एआय एजंट एकाच ठिकाणी कामाला लावायचे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायची, यासाठीचं ते ॲप. पडद्याचे भाग पडायचे आणि प्रत्येक भागात एक एजंट. प्रत्येकाला आमच्या प्रोग्रॅमची वेगळी प्रत मिळायची, म्हणजे एकाच्या पायात दुसऱ्याचा पाय नको. डाव्या बाजूला त्यांची नावं आणि नावापुढे ठिपका. हिरवा असला तर काम चालू आहे, पिवळा असला तर तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणून थांबलाय, निळा असला तर काम झालंय, येऊन बघा. मला ते पाहून मंगल कार्यालयाच्या मॅनेजरची आठवण झाली. वरच्या हॉलात मुंज, खालच्या हॉलात साखरपुडा, आणि आपण जिन्यात उभे राहून दोन्हीकडच्या आचाऱ्यांना ओरडतोय.

“आता तुम्ही कोड लिहायचा नाही,” समीर म्हणाला. “लिहून घ्यायचा.”

“आणि पगार? तोही त्यांनाच?” मी विचारलं. समीर कसनुसं हसला. आता वाटतं, तेव्हा त्याच्या मनात नेमकं तेच असावं.

मी एका एजंटला काम दिलं आणि त्याच्या समोर बसून राहिलो. तो एकेक ओळ लिहीत होता आणि मी एकेक ओळ मनातल्या मनात खोडत होतो. थोड्या वेळाने मला राहवलं नाही. त्याला थांबवलं आणि कीबोर्ड पुढे ओढून स्वतःच लिहायला लागलो. माझ्या पडद्यावर डावीकडे सगळे ठिपके पिवळे. सगळे माझी वाट बघत थांबलेले.

ज्योत्स्नाच्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकत होते. ती माईकमधून बोलत होती, आणि तेही कोणत्या भाषेत! आम्हा सगळ्यांशी बोलताना ती जरा बेताने बोलायची. एजंटांशी मात्र थेट यवतमाळात बसल्यासारखी.

“हे पाय बापू, तुले एकच काम हाय. बाकी कशाले हात नोको लावू. तुले काय समजलं ते मले पयले सांग, मंग सुरू कर.”

ती सगळ्या एजंटांना ‘बापू’च म्हणायची. माईक तिचे निम्मे शब्द चुकीचे टिपायचा, तरी बापूंना अर्थ लागायचा. मी शुद्ध इंग्रजीत, मुद्दे घालून, पूर्णविराम सांभाळून लिहायचो, आणि माझा एजंट भलत्याच फाइलमध्ये जाऊन रंगरंगोटी करून यायचा.

काही आठवड्यांतच कामाचा वेग कोणाचा किती, हे न सांगता सगळ्यांना दिसायला लागलं. टेस्टिंगवाली बाई, जिला मी कधी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिताना पाहिलं नव्हतं, ती आठवड्यात इतकं काम उरकायची की मला माझं काम सांगायला लाज वाटावी. समीर मीटिंगमध्ये म्हणायचा, “ज्योत्स्ना कशी करते ते जरा बघा.” हे ‘जरा बघा’ तो माझ्याकडे न बघता म्हणायचा.

मी बघायचं ठरवलं. एका दुपारी खुर्ची ओढून तिच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, काहीतरी युक्ती असणार. एखादा ठरावीक मजकूर, एखादं सेटिंग, जे ही आपल्याला सांगत नाहीये.

तसं काही नव्हतं. ती काम सांगायची, त्याला काय समजलं ते ऐकायची आणि दोन प्रश्न विचारायची. मग दुसऱ्या बापूकडे. निळा ठिपका आला की आत जाऊन वाचायची, मोठ्याने, बातम्या द्याव्यात तशी. “सर्व बदल यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहेत,” असं एजंटने लिहिलं की ती म्हणायची, “झालं नोको सांगू. दाखव.” एका एजंटचं उत्तर तिला पटलं नाही. तिने त्याचं अख्खं काम टाकून दिलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. चेहऱ्यावर कसलीच हळहळ नाही. मी स्वतःची एक ओळ खोडायच्या आधी ती तीनदा वाचतो. तिला कशाचाच लोभ नव्हता.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच ना भाऊ. आणखी काय?” तिने माझ्यापुढे सुकवलेल्या बोरांचा डबा सरकवला. “मी जिंदगीभर दुसऱ्यानी केलेलंच तपासून राहिली. आता तो दुसरा माणूस नाही, एवढाच फरक पडला.”

जागेवर परत आल्यावर मी तिचेच शब्द जसेच्या तसे माझ्या एजंटला टाइप केले. आधी ‘बापू’ सोडून. जमलं नाही. मग इकडेतिकडे बघून ‘हे बघ बापू’ असंही लिहिलं, वाचलं, आणि कोणी मागे उभं नाही याची खात्री करून लगेच पुसलं. नारायण पेठेत माणसाला काही गोष्टी एकांतातसुद्धा करता येत नाहीत.

घरी मी तिच्याबद्दल बोलत असे. म्हणजे बोलत असणार, कारण बायको एकदा पोळी वाढताना म्हणाली, “आज इंगोलेने काय केलं ते अजून सांगितलं नाहीस.” मी म्हटलं, “मी कुठे रोज सांगतो?” ती म्हणाली, “रोज नाही. सुट्टीच्या दिवशी नसतं.”

खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या नमुन्याच्या प्रकरणात.

कधीकधी रक्ताचा नमुना खराब निघतो आणि लॅबवाले पेशंटला पुन्हा बोलावतात. अशा वेळी जुना रिपोर्ट आपोआप रद्द व्हावा आणि नवा पेशंटच्या फोनवर जावा, अशी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी होती. ज्योत्स्नाने ते काम एका एजंटला दिलं. निळा ठिपका आला. प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या पास. समीरने गिऱ्हाइकाला फोन करून ‘उद्या सकाळी सुरू करतो’ असं सांगूनही टाकलं.

ज्योत्स्ना ‘दाखव’ म्हणाली आणि स्वतः एकेक खोटे पेशंट घालून पाहायला लागली. बाप आणि मुलगा, दोघांचा फोन नंबर एकच. बापाचा नमुना खराब, म्हणून पुन्हा घेतला. मग तिने फोन उघडून पाहिला. बापाच्या नावाखाली मुलाचा रिपोर्ट आला होता.

ती माझ्याकडे आली. या वेळी तिचा आवाज हळू होता.

“देवधरभाऊ, चूक आहे हे मला दिसून राहिलं. कुठे आहे ते सापडत नाही. तुम्ही वाचता का?”

मी वाचायला बसलो. खूप दिवसांनी कोणीतरी मला माझं काम सांगितलं होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये नाव आणि वय पडताळून पाहणारी एक जुनी अट होती, मीच लिहिलेली. नव्या कामात ती आडवी येत होती, म्हणून एजंटने ती काढून टाकली होती. आणि ती अट तपासणारी चाचणीही काढली होती. परीक्षकालाच घरी पाठवल्यावर वर्ग शंभर टक्के पास होणारच.

मी तिला जागा दाखवली. तिने टाळी वाजवली नाही. तशीच उठली आणि समीरच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“उद्या नाही होणार.”

“ज्योत्स्ना, मी शब्द दिलाय.”

“मग परत घ्या.”

“किती लोकांचा फोन नंबर एकच असतो? सुरू करू, मग दुरुस्त करू.”

“समीरभाऊ,” ती म्हणाली, आणि मग तिची ती बेताची भाषा सुटलीच, “ज्या मानसाची साखर चारशे हाय त्याले तुम्ही नॉर्मल हाय म्हनून सांगसान, अन् तो घरी जाऊन जिलबी खाईन. मंग काय दुरुस्त करसान?”

समीर उभा राहिला. गिऱ्हाईक गेलं तर पुढच्या महिन्यापासून निम्मं ऑफिस रिकामं होईल, हे त्याने मोठ्या आवाजात सांगितलं. ते खोटं नव्हतं. ती ऐकत उभी होती, हाताची घडी घालून. त्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, “बोलले? आता फोन करा.” आणि समीरने फोन केला. आमच्यासमोर माफी मागितली आणि मुदत मागून घेतली.

मी त्या केबिनमध्ये अनेकदा गेलो आहे. मालकाचं चुकतंय हे माहीत असूनही ‘बघू या’ म्हणून बाहेर आलो आहे. त्या दिवशी मला तिच्या कामाचा हेवा वाटला नाही. ती तिथे ज्या ठामपणे उभी राहिली त्याचा वाटला. कामाचा हेवा निदान मेहनतीने कमी करता येतो.

दुरुस्ती आम्ही दोघांनी केली. तिने एजंटला सांगायचं, मी त्याने लिहिलेलं वाचायचं. आठवडाभर आम्ही शेजारीशेजारी बसलो. जेवायची वेळ झाली की ती कांदा फोडायची आणि अर्धा माझ्या डब्याच्या झाकणात टाकायची. मी तो खायचो. मुठीने फोडलेला कांदा सुरीने कापलेल्यापेक्षा गोड लागतो, हे मी घरी सांगितलं नाही.

गिऱ्हाईक टिकलं. पण समीरच्या डोक्यातला हिशेब मात्र बदलला. एक बाई एवढं काम करते तर एवढी माणसं कशाला, असं त्याला वाटणं साहजिक होतं. त्याने ज्योत्स्नाला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी ऑफिसात कोणाच्या कीबोर्डचा आवाज येत नव्हता. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली ती थेट जेवणाच्या टेबलावर, आणि तिने डबा उघडता उघडता सगळ्यांना सांगून टाकलं. लपवाछपवी तिला जमतच नसे.

“माणसं कमी करतो म्हणून राहिले समीरभाऊ. मला म्हणे, कोण पाहिजे ते सांग. मी म्हटलं, सगळेच पाहिजे. ते म्हणे, ते होणार नाही. मग मी म्हटलं, देवधरभाऊ तर पाहिजेच. बापू लिहिते हजार ओळी, पण वाचणारा माणूस पाहिजे ना. यांच्यासारखं वाचणारं कोणी नाही इथं.”

टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी वाचली होती, आणि ती कोणामुळे, हे तोंडात घास असताना, सहकाऱ्यांच्या समोर, मोठ्या आवाजात जाहीर झालं होतं.

“आभारी आहे,” मी म्हटलं. “प्रमाणपत्र मिळेल का तसं?”

“देते ना,” ती म्हणाली. “फ्रेम तुम्ही करा.”

तिला टोमणा कळला नाही असं मी बरेच दिवस समजत होतो. तिला तो पुरता कळला होता, हे ‘फ्रेम’चा अर्थ लागल्यावर ध्यानात आलं.

दोघांना जावं लागलं. सुहास आणि निकिता. त्या संध्याकाळी आम्ही बाकीचे दोघांच्या नजरा चुकवत लिफ्टची वाट बघत होतो. ज्योत्स्ना त्यांना घेऊन खाली टपरीवर गेली आणि चहा घेता घेता ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावत बसली. निकिताला तिच्याच ओळखीने दुसरीकडे काम मिळालं. सुहासला मिळायला वेळ लागला, पण अजूनही तो भेटला की तिचीच चौकशी करतो. माझी कोणी कोणाकडे चौकशी करत असेल, असं मला वाटत नाही.

तिला बढती मिळाली. मोठं टेबल, खिडकीजवळ. ते तिने वापरलंच नाही. म्हणाली, “उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसते.” जुन्याच जागेवर मांडी घालून बसायची आणि बापूंना झापायची. आम्हाला सगळ्यांना वाटलं, ही आता इथे पाय रोवणार, समीरनंतर हिचंच नाव.

तिने दसऱ्याच्या आधी समीरला सांगितलं की तिला यवतमाळहून काम करायचंय. एजंट काय, तिथूनही हाकता येतात. समीर म्हणाला, ऑफिसात बसावंच लागेल. टीमवर लक्ष कोण ठेवणार? ती म्हणाली, बरं. आणि दुपारी जेवून झाल्यावर राजीनामा दिला.

मी तिला जिन्यात गाठलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता.

“अहो, आत्ता कुठे सगळं हाताशी आलंय तुमच्या. असं टाकून जातं का कोणी?”

“टाकून कुठं भाऊ? ह्याच्याचसाठी तर शिकली ना मी ते.” ती पायरीवर बसली. “तुम्हाला काय वाटलं? मला समीरभाऊची खुर्ची पाहिजे होती? माझी पोरगी सातवीत गेली. मागच्या सुट्टीत गेल्या गेल्या मी तिला वेणी घालायला हाक मारली, तर ती म्हणते, आई, आता मी वेणी घालत नाही, केस कापले ना मी. मला माहीतच नाही. फोनवर रोज पाहते मी तिला, पण डोक्याकडे पाहिलंच नाही.”

जे ॲप आल्यावर मी माझी खुर्ची वाचवायला धडपडत होतो, तेच शिकून ही बाई खुर्चीतून उठायची तयारी करत होती. आम्ही एकाच शर्यतीत आहोत असं मी धरून चाललो होतो. ती त्या शर्यतीत नव्हतीच.

“काम आहे का तिकडे?” शेवटी मी विचारलं.

“दोन जणांनी देतो म्हटलं. पाहू. नाही जमलं तर येते वापस, तुम्हीच ठेवून घ्या मला.”

निरोप समारंभ तिने होऊ दिला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोरं वाटली, समीरच्या पाठीवर थाप मारली आणि दुपारीच निघून गेली. सामान बांधायचं होतं म्हणे. मी जागेवरून हात केला. तिनेही केला. संपलं, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी निघालो. येरवड्याच्या चौकात नेहमीसारखी कोंडी झालेली. रिक्षा, टँकर, कंपन्यांच्या गाड्या, सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. शेजारी एक लांब पल्ल्याची ट्रॅव्हल्सची बस येऊन थांबली. पुढच्या काचेवर यवतमाळची पाटी. मी मान वर केली.

ती खिडकीशी होती. मांडीवर एक मोठी पिशवी, त्यातून कुकरचं हँडल बाहेर आलेलं. काचेला डोकं टेकून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं. बस अजून पुण्याबाहेरही पडली नव्हती, गाव बारा तासांवर, पुढच्या महिन्याचं काम कोण देणार याचा पत्ता नाही, खाली हा कल्लोळ. आणि ती झोपली होती.

मी हॉर्न वाजवायला अंगठा उचलला, आणि तसाच ठेवला. सिग्नल सुटला. बस नगर रस्त्याकडे वळली, मागच्या माणसाने मला शिवी दिली, आणि मी स्कूटर पुढे काढली. कित्येक महिन्यांत मला अशी झोप लागली नव्हती.